उतारावर थांबायचं कसं? सायकलच्या ब्रेकची दोनशे वर्षं

आजचा भाग सायकलवर आहे, पण टूर द फ्रान्स नाही, गिअर नाही, फिटनेस तर अजिबात नाही. आज फक्त थांबण्याबद्दल बोलू. त्यातही उतारावर थांबण्याबद्दल, आणि शेवटी आपल्या ओळखीच्या रस्त्यावर येऊ: घाटातून गावाकडे उतरणारा, कधीकाळी डांबरी असलेला, आता अर्धा खडी आणि अर्धा खड्डा झालेला.

सायकलचा इतिहास आपल्याला नेहमी वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणी पायडल लावलं, कोणी चेन लावली, कोणी हवेचं टायर आणलं. मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला वेगळाच प्रश्न पडतो: हे सगळं चाललं होतं तेव्हा ब्रेकचं काय? कारण सायकल पळायला लागली आणि तिला नीट थांबता यायला लागलं, या दोन गोष्टींमध्ये बरीच वर्षं गेली आहेत. मधल्या काळातली माणसं टेकडीच्या माथ्यावर पोचल्यावर नेमकं काय करत होती?

सुरुवात १८१७ ची. जर्मनीतल्या मॅनहाइममध्ये कार्ल फॉन ड्राइसने लाकडाचं दोन चाकांचं यंत्र रस्त्यावर आणलं. पायडल नव्हतं. मधल्या बैठकीवर बसायचं आणि दोन्ही पायांनी जमीन मागे ढकलत पळायचं. थांबायचं कसं, तर मुख्यतः त्याच पायांनी. बुटाचे तळवे घासत. सपाटीवर ठीक आहे. उतारावर मात्र माणूस आणि लाकडी यंत्र मिळून जे वजन होतं, ते बुटाच्या चामड्याने आवरायचं.

हसू नका. आपल्या गावात आजही हे तंत्र चालू आहे. ब्रेकची रबरं झिजून गेलेली सायकल घेऊन उतारावरून येणारी पोरं बघा. एक पाय उचलून चप्पल पुढच्या टायरवर दाबतात, नाहीतर दोन्ही पाय जमिनीला घासत येतात. म्हणजे बघा, दोनशे वर्षांपूर्वीची आवृत्ती अजून प्रॉडक्शनमध्ये आहे.

१८६० च्या दशकात पॅरिसमध्ये मिशो यांच्या कारखान्यातून पायडलवाली सायकल बाहेर पडू लागली. पायडल थेट पुढच्या चाकाला. ब्रेक होता, पण गंमतीशीर. हँडल हाताने पिळायचं, त्याला गुंडाळलेली दोरी ताणली जायची आणि मागे एक छोटा तुकडा लोखंडी पट्टीच्या चाकावर दाबला जायचा. जे हँडल वळवायला वापरायचं, तेच पिळून ब्रेक मारायचा! दगडी फरसबंदीवर ही सायकल एवढी आदळायची की इंग्रजांनी तिला हाडं खिळखिळी करणारी असंच नाव दिलं. बोनशेकर.

आता येतो खरा धडकी भरवणारा भाग. १८७० पासून पुढे ती प्रसिद्ध उंच सायकल आली, पुढचं चाक भलंमोठं, मागचं ताटलीएवढं. पेनी-फार्दिंग. चित्रात फार गोड दिसते. पण ती तशी का होती? चेन आणि गिअर नव्हते. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. मग जास्त अंतर कापायचं तर चाकच मोठं करा. त्यामुळे चाक वाढत वाढत जवळपास दीड मीटर व्यासापर्यंत गेलं, आणि स्वार त्याच्या आसाच्या जवळजवळ डोक्यावर जाऊन बसला.

इथे थोडं भौतिकशास्त्र, दोन मिनिटं सहन करा. पुढचा ब्रेक दाबला की चाक थांबायला बघतं, पण तुमचं शरीर पुढे जात राहतं. तुम्ही पुढच्या आसाच्या बरेच मागे आणि खाली असाल, तर सायकल तुम्हाला खाली धरून ठेवते. तुम्ही आसाच्या जवळजवळ वर असाल, तर अख्खी सायकल त्या आसाभोवती फिरते आणि तुम्ही हँडलवरून डोक्यावर आदळता. पेनी-फार्दिंगवर हे इतकं नेहमीचं होतं की त्याला इंग्रजीत स्वतंत्र शब्द होता, हेडर. ब्रेक जोरात दाबला, हेडर. चाकाखाली दगड आला, हेडर. खड्डा आला, हेडर. उतारावर तर सायकल आधीच पुढे झुकलेली, त्यामुळे थोडंसंही निमित्त पुरायचं.

मग त्या लोकांनी उपाय काय काढला? उतार आला की पाय पायडलवरून काढून हँडलच्या वरून पुढे टाकायचे. का? सायकल उलटली, तर निदान माणूस पायांवर पडेल, डोक्यावर नाही. मला हा उपाय फार प्रामाणिक वाटतो. अपघात टाळता येणार नाही हे त्यांनी मान्य केलं होतं, फक्त पडायचं कसं तेवढं ठरवून ठेवलं होतं. पण त्याची किंमत बघा. पाय वर टाकले की पायडल हातचे गेले, आणि त्या सायकलचा सगळ्यात भरवशाचा ब्रेक पायडलच होते. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच, त्यामुळे पायांनी उलटा जोर लावून वेग धरून ठेवता यायचा. म्हणजे उतार सुरू होतानाच ठरवायचं होतं: पाय पायडलवर ठेवून हळूहळू उतरायचं, की पाय वर टाकून देवावर हवाला ठेवायचा. मधे मत बदलता येत नव्हतं, कारण जोरात फिरणाऱ्या पायडलवर पुन्हा पाय ठेवणं म्हणजे नडगी फोडून घेणं.

याच काळात इंग्लंडमध्ये एक गोष्ट घडली, जी मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती कुठलाही ब्रेक नाही. ती आहे एक पाटी. १८७८ मध्ये तिथे सायकलस्वारांचा एक क्लब स्थापन झाला, पुढे तो सायकलिस्ट्स टूरिंग क्लब म्हणून ओळखला गेला. या क्लबने आणि नॅशनल सायकलिस्ट्स युनियन या दुसऱ्या संघटनेने अवघड उतारांच्या माथ्यावर पाट्या लावायला सुरुवात केली. सायकलस्वारांनो, हा उतार धोक्याचा आहे, अशा अर्थाच्या. सरकारने नाही, पडून उठलेल्या लोकांनी. परगावाहून आलेल्या माणसाला पुढचं वळण माहीत नसतं, त्याला वर उभं असतानाच कळलं पाहिजे, एवढा साधा विचार. पुढे मोटारी आल्या आणि १९०३ च्या ब्रिटिश मोटार कार कायद्याने धोक्याची वळणं आणि उतार दाखवणाऱ्या पाट्यांची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर टाकली. आज घाटात तीव्र उताराची त्रिकोणी पाटी दिसते ना, तिच्या पणजोबांच्या यादीत या सायकलवाल्यांच्या पाट्या आहेत.

बरं, पुढे. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर आली. दोन्ही चाकं साधारण सारखी, मागच्या चाकाला चेन, स्वार दोन्ही चाकांच्या मध्ये खाली. या प्रकाराला नावच पडलं सेफ्टी बायसिकल. वेगवान नाही, सुरक्षित! तीन वर्षांनी, १८८८ मध्ये, डनलॉपने हवेचं टायर आणलं. रस्त्याचे धक्के कमी झाले, पण जुन्या ब्रेकची पंचाईत झाली. तो ब्रेक म्हणजे चमच्यासारखा तुकडा वरून टायरवर दाबायचा. भरीव रबरावर चालून गेलं, हवेच्या टायरवर मात्र तो टायरच खाऊ लागला. म्हणून ब्रेक टायर सोडून रिमवर आला. १८९६ मध्ये बाउडनने नळीतून सरकणाऱ्या तारेचं पेटंट घेतलं, ती आपण आज ब्रेकची वायर म्हणतो ती.

आणि मग फ्रीव्हील. १८९० च्या दशकाच्या शेवटी ते सर्रास दिसू लागलं. आता पायडल न मारता सायकल आपोआप पळू लागली. आपल्याला हा टिक-टिक-टिक आवाज इतका सवयीचा आहे की त्याने काय काढून घेतलं हे लक्षातच येत नाही. घाटात एसटी किंवा ट्रकच्या ड्रायव्हरला विचारा, तो सांगेल की ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, आणि न्यूट्रल तर चुकूनही टाकायचं नाही. इंजिन गाडीला धरून ठेवतं. जुन्या सायकलवर ते काम पाय करत होते. फ्रीव्हील आलं आणि सायकल उतारावर कायमची न्यूट्रलमध्ये गेली. आता तुमच्यात आणि दरीत फक्त दोन रबराचे तुकडे. म्हणूनच फ्रीव्हीलबरोबर चांगला ब्रेक ही चैन राहिली नाही, गरज झाली. अमेरिकेत १८९८ च्या सुमारास याला वेगळं उत्तर मिळालं, कोस्टर ब्रेक. पायडल उलटं मारलं की मागच्या चाकाच्या हबमध्येच ब्रेक लागतो.

डोंगरात फिरणाऱ्या त्या काळच्या सायकलस्वारांची आणखी एक युक्ती होती. लांब उतार आला की झाडाची फांदी तोडायची, दोरीने सायकलच्या मागे बांधायची आणि ती फरफटत खाली उतरायचं. धूळ उडते, आवाज होतो, पण वेग हाताबाहेर जात नाही. आपल्याकडे बैलगाडी उतरवताना चाकाला अडसर लावतात, त्याच जातीची अक्कल.

आता भारतात येऊ. स्वातंत्र्यानंतर इथे सायकलचे मोठे कारखाने उभे राहिले. १९४९ मध्ये मद्रासला टीआय सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस, १९५६ मध्ये लुधियानाला हीरो. त्यांनी घराघरात पोचवलेली काळी, भक्कम, मोठ्या कॅरिअरची सायकल म्हणजे मुळात इंग्लिश रोडस्टर. तिच्यावर वायर नाही, लोखंडी दांडे. मूठ दाबली की दांडा वर ओढला जातो आणि दोन रबरं रिमला आतल्या बाजूने लागतात. हा ब्रेक दणकट खराच. वायर तुटायचा प्रश्न नाही, गावातला कोणीही मिस्त्री पाना घेऊन नीट करून देतो. दूधवाल्यांचे कॅन, सिलिंडर, डबल सीट, सगळं याच सायकलने वाहिलं.

पण ती सपाट मुलखाची सायकल होती. तिचे दोन दोष उतारावर उघडे पडतात. एक, रिम चकचकीत पोलादी. कोरडी असेल तर ठीक, पावसात भिजली की रबर तिच्यावरून सरकतं, मूठ दाबूनही सायकल आपली चाललेलीच. आपल्या घाटात वर्षाचे चार महिने रिम ओलीच असते! दोन, रबरं आतून लागतात म्हणून चाकाला थोडा आऊट आला, म्हणजे ते वेडंवाकडं झालं, की ब्रेक एका जागी चिकटतो आणि एका जागी लागतच नाही. आणि चाकाला आऊट कशाने येतो? खड्ड्यांनी. रस्ता जितका वाईट तितका ब्रेक वाईट, म्हणजे नेमकी जिथे गरज तिथेच तो दगा देणार. मग कंटाळून लोक दांडेच काढून टाकतात. अशा बिनब्रेकच्या सायकली तुम्हीही पाहिल्या असतील. पुढे ॲल्युमिनियमच्या रिम आणि वायरचे ब्रेक आले आणि ओल्यात थांबणं बरंच सुधारलं, पण जुन्या सायकली कुठे गेल्या नाहीत. त्या धाकट्या भावाकडे गेल्या.

आता उडी मारू थेट कॅलिफोर्नियात, १९७६ साली. तिथे मरीन काउंटीत फेअरफॅक्स नावाचं गाव आहे. तिथली काही तरुण मंडळी जुन्या, जाडजूड सायकली घेऊन डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावरून खाली सुटायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी पहिली रीतसर शर्यत लावली. साधारण ४०० मीटरचा उतार, तोही तीन-साडेतीन किलोमीटरच्या आत. गॅरी फिशर नावाच्या स्वाराची त्यावरची सर्वोत्तम वेळ ४ मिनिटं २२ सेकंद. त्या सायकलींना तोच जुना कोस्टर ब्रेक होता, हबमधला. एका फेरीत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली पोचलं की हब उघडून नवीन ग्रीस भरायचं. इंग्रजीत ग्रीस पुन्हा भरण्याला रिपॅक म्हणतात, म्हणून शर्यतीचं नावच रिपॅक पडलं. माउंटन बाइकचा जन्म इथला मानतात. १९७७ मध्ये त्यांच्यातल्याच जो ब्रीझने खास या कामासाठी पहिली सायकल बनवली. आज दुकानात जाड टायर आणि डिस्क ब्रेकची जी सायकल बघता, तिचं खानदान त्या धुरापर्यंत जातं.

धूर का निघतो, याचं गणित एकदा करून बघा, डोळे उघडतात. तुम्ही आणि सायकल मिळून ८० किलो धरा आणि उतार ३०० मीटर उंचीचा. उतरताना जी ऊर्जा सुटते ती साधारण २३५ किलोज्यूल. एवढ्या उष्णतेत एक लिटर पाणी साध्या तापमानापासून ८० अंशांपर्यंत तापतं. म्हणजे चहाचं आधण जवळजवळ आलंच. यातली काही ऊर्जा वारा खातो, हे खरं. पण तुम्ही जितके हळू उतराल तितकं वारा कमी खातो आणि ब्रेकच्या वाट्याला जास्त येतं. म्हणून पूर्ण घाटभर ब्रेक हलकेच दाबून ठेवणं हा उपाय वाटतो तितका सुरक्षित नाही. रबरं तापून गुळगुळीत होतात. त्यापेक्षा दाबा, वेग उतरवा, सोडा, थंड होऊ द्या, पुन्हा दाबा.

आणि दुसरं गणित. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. ताशी २० चा वेग ४० झाला की जिथे चार मीटर लागले असते तिथे सोळा. त्याआधी खड्डा दिसून बोटं हलेपर्यंत गेलेले मीटर वेगळेच.

आता आपला तो गावाकडचा उतार घ्या आणि हा सगळा इतिहास त्यावर ठेवून बघा. पेनी-फार्दिंगवाल्यांचा हेडर आजच्या सायकलवरही होतो. पुढचं चाक खड्ड्यात उतरतं त्याच क्षणी पुढचा ब्रेक दाबलेला असेल, तर आपणही हँडलवरून जातो. म्हणून ब्रेक खड्ड्याच्या आधी मारायचा आणि चाक खड्ड्यात शिरताना सोडायचा. खड्डा दिसल्यावर हात आपोआप आवळले जातात, म्हणून हे मुद्दाम गिरवावं लागतं. दोन्ही पायडल आडवे एका पातळीत, ढुंगण सीटवरून थोडं उचलून मागे, कोपरं सैल. वजन मागे नेलं की आसाभोवती उलटणं अवघड होतं.

पुढच्या ब्रेकची भीती मात्र नको. आपल्याकडे बहुतेक सायकलींवर तो उजव्या हाताला असतो आणि लहानपणी सगळे सांगतात, पुढचा दाबू नकोस, उलटशील. कोरड्या, सरळ, घट्ट रस्त्यावर थांबवण्याचं मोठं काम तोच करतो, कारण वेग उतरताना वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं हलकं होऊन नुसतं घसरतं. फक्त मागचा दाबून घाट उतरणारा माणूस अर्ध्याहून कमी ब्रेकवर चाललेला असतो. हिशेब बदलतो तो खडीवर, वाळूवर आणि वळणात. तिथे पुढचं चाक घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही, मागचं घसरलं तर बऱ्याचदा मिळतो. म्हणून वेग वळणाच्या आधीच, सरळ रस्त्यावर कमी करायचा. वळणात शिरल्यावर ब्रेकवर विसंबायचं नाही. पावसाळ्यात सुरुवातीलाच ब्रेक दोन-चारदा हलके लावून रिमचं पाणी पुसून घ्यायचं. आणि डांबराची कड तुटून साइडपट्टी वीतभर खाली गेली असेल, तर खाली उतरल्यावर तिरपं वर चढायला जाऊ नका. चाक कडेला घासतं आणि पाडतं. थांबा, उचला, वर ठेवा.

बोरघाटात रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. खंडाळ्याहून कर्जतकडे उतरताना चढाव-उतार ३७ ला १, रेल्वेसाठी हा फारच तीव्र. तिथे कॅच सायडिंग आहेत, म्हणजे मुख्य रुळांपासून फुटून डोंगरात वर चढणारा फाटा. उतरणाऱ्या गाडीने आधी थांबून दाखवायचं, मग तिला मुख्य मार्ग मिळतो. थांबता आलं नाही, तर गाडी त्या चढावर जाऊन अडकते. सायकलला असा फाटा कोणी बांधलेला नाही, पण थांबून दाखवायचा नियम तर फुकट आहे. माथ्यावरून निघाल्यावर पहिल्या वीस-पंचवीस मीटरमध्ये पूर्ण थांबून बघा. दोन्ही ब्रेक, एकेक करून. नाही थांबली, तर सायकल हातात धरून चालत उतरा. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. त्यातल्या कितीतरी रोज असेच रस्ते उतरतात, दप्तर पाठीवर आणि मैत्रीण मागे कॅरिअरवर घेऊन. मागे माणूस बसलं की थांबवायचं वजन जवळजवळ दुप्पट, रबरं तीच. घरात अशी सायकल असेल, तर तिची रबरं या रविवारी बघा. रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर ती बदलायची झाली.

राहिला रस्ता. इथे पुन्हा त्या पाटीवाल्या सायकलस्वारांकडे जावं लागतं, कारण ते पाटी लावून गप्प बसले नाहीत. १८८६ मध्ये त्याच दोन संघटनांनी मिळून रोड्स इम्प्रूव्हमेंट असोसिएशन काढली. रस्ता कसा बांधावा, खडी कशी दाबावी याची माहिती छापून वाटली आणि रस्ते सांभाळणाऱ्यांच्या मागे लागले. अमेरिकेतही सायकलस्वारांच्या संघटनेने १८९२ पासून चांगल्या रस्त्यांसाठी एक मासिक चालवलं. मोटारवाले नंतर आले. चांगला रस्ता मागणारे पहिले लोक सायकलवाले होते, हे आपण पूर्ण विसरलो आहोत.

तुमच्या गावचा रस्ता प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला असेल, तर तो जिथे सुरू होतो तिथे एक पाटी असते. लोक तिच्याकडे बघत नाहीत, तिला म्हशी बांधतात. त्या पाटीवर रस्त्याची लांबी, ठेकेदाराचं नाव आणि देखभालीचा काळ लिहिलेला असतो. या योजनेत बांधल्यानंतर पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडेच असते. पाच वर्षांच्या आत खड्डे पडले असतील, तर ते बुजवणं हे उपकार नाहीत, करारातलं काम आहे. मेरी सडक नावाचं ॲप आहे, त्यावर या योजनेच्या रस्त्याचा फोटो काढून तक्रार टाकता येते. रस्ता जिल्हा परिषदेचा असेल तर अर्ज तिकडे द्यावा लागतो. फोटो काढताना खड्ड्याबरोबर ती पाटीही फ्रेममध्ये घ्या, तारीख दिसेल अशी.